भट्टीवरचा उपास

माझा मुलगा हल्ली सोळा तास उपाशी राहतो. फोनमध्ये एक घड्याळ लावलंय त्यानं, ते सांगतं आता खा, आता थांब. वजन उतरतं, डोकं साफ होतं, झोप लागते, असं काय काय तो मला पटवून देतो आणि वर म्हणतो, "आई, तुमच्या अष्टशिलात तरी दुसरं काय आहे? दुपारनंतर जेवायचं नाही, एवढंच ना?" मी पौर्णिमेला अष्टशील, म्हणजे आठ शिलांचा नेम, धरते, त्यामुळे मला बोलायला जागा नाही. तरीही तो ताटावरून "नको" म्हणून उठला की मी त्याचं ताट झाकून ठेवते. चाळिशी उलटली, केस पिकले, पण कुणी माझ्या देखत उपाशी उठलं की मी आजही अकरावीतली पोरगी होते आणि कारखान्याच्या भोंग्याकडे कान लावून बसते. तो वर्षावास, म्हणजे आषाढी पौर्णिमेपासूनचे ते तीन महिने, कधीतरी लिहून काढायचेच होते. माझे वडील, तात्या, आता नाहीत, त्यांना कोण काय म्हणेल याची भीतीही आता नाही.

आम्ही तेव्हा कुपवाडला, कारखान्यांच्या मागच्या अंगाला, दोन खोल्यांच्या भाड्याच्या घरात राहायचो. सकाळी सातचा भोंगा, दुपारी तीनचा, रात्री अकराचा, आणि दर भोंग्याआधी रस्त्यावर दुचाक्यांची ही रीघ. आईला घड्याळ लागायचंच नाही. "तीनचा झाला व्हय? मग पानी याला अर्धा तास हाय," असं तिचं चालायचं. तिचं माहेर साताऱ्याकडचं, हात सढळ आणि जीभही सढळ. हुलग्याचं माडगं, भरलं वांगं, शेंगदाण्याची लालभडक चटणी, सुट्टीच्या दिवशी सुकट. सुकट तव्यावर पडली की शेजारच्या सुनंदाकाकू आपली खिडकी लावून घ्यायच्या. काकू जैन, त्यांच्यात कांदासुद्धा जपून. पण दुसऱ्या दिवशी त्याच खिडकीतून आमच्यासाठी गरम आंबोळ्यांची ताटली यायची आणि वर ऐकायला मिळायचं, "कालचा वास अजून माझ्या उशीत हाय बघ." आई हसायची आणि ताटली रिकामी परत पाठवायची नाही. तात्यांचा तीन पुडांचा डबा हा आईचा मोठा अभिमान होता. वरच्या पुडात लिंबाची फोड नसली तर ती स्वतःवरच चिडायची.

तात्या फौंड्रीत होते, भट्टीवर. वितळलेल्या लोखंडाचा रस लॅडलमध्ये, म्हणजे दांड्यांच्या मोठ्या बादलीत, घ्यायचा, दोघांनी दोन्ही बाजूंचे दांडे धरून ती लॅडल साच्यापर्यंत न्यायची आणि ओतायची, हे त्यांचं काम. दांड्याच्या दुसऱ्या टोकाला नेहमी विलासकाका असायचे, कुंडलचे. दोघांची चाल इतकी जमलेली की एकाला ठेच लागली तर दुसरा आपोआप थांबायचा, असं तात्या सांगायचे. विलासकाका घरी आले की आई डोक्यावर पदर घेऊन आत जायची आणि बाहेरून हसण्याचे आवाज यायचे. त्या साली उन्हाळ्याच्या शेवटी लॅडलमधला रस एकाएकी उसळला आणि विलासकाकांच्या डाव्या पायावर पडला. मिरजेच्या दवाखान्यात ते महिनाभर होते. पाय वाचला, पण घोट्याखाली जीव राहिला नाही. कंपनीनं चौकशी केली आणि कागदावर लिहिलं की विलासनं पायाचं चामड्याचं गार्ड नीट बांधलं नव्हतं. म्हणजे चूक त्यांचीच. त्यांना कामावरून कमी केलं आणि ते बायकोला घेऊन कुंडलला भावाकडे गेले. आम्ही सगळे हळहळलो. तात्या दवाखान्यात एकदाच गेले आणि येऊन भिंतीकडे तोंड करून झोपले. लय जीव होता त्यांचा त्याच्यावर, असं आई म्हणाली, आणि मीही तेच समजले.

मग वर्षावास लागला. आमच्या वस्तीतल्या विहारात तीन महिने रोज संध्याकाळी ग्रंथवाचन चालायचं आणि त्या साली वाचायला मला बसवलं होतं. माझा आवाज स्वच्छ, उच्चार शाळेतले, आणि मला त्याचा तोराही भरपूर. पांढरी ओढणी घेऊन मी पाटावर बसायची, समोर पांढऱ्या लुगड्यातल्या बायका, मागे भिंतीला टेकून कामावरून आलेली माणसं. पहिल्याच आठवड्यात सिद्धार्थाच्या तपाचा भाग आला. सहा वर्षं अन्न तोडलं, पोटावर हात ठेवला तर पाठीचा कणा हाताला लागायचा, डोळे खोल गेले, हे मी असं काही रंगवून वाचलं की दोन-तीन आज्या डोळे पुसायला लागल्या. मला बरं वाटलं. त्या दिवशी तात्या शेवटच्या रांगेत होते. दुसऱ्या दिवशीचा भाग सिद्धार्थानं खीर खाऊन ते तप सोडल्याचा. तो मी वाचला तेव्हा मात्र तात्या मध्येच उठून बाहेर गेलेले मी पाहिलं. बिडीसाठी म्हणावं, तर ती सोडून वर्षं झाली होती त्यांना. मला तेव्हा शंका यायला हवी होती.

पुढच्या आठवड्यापासून त्यांनी मागून दुपारची पाळी घेतली, रोजची. तीन ते अकरा. आणि सुट्टीच्या दिवशी त्यांनी अष्टशील धरायला सुरुवात केली. पांढरा सदरा, बाराच्या आत जेवण, नंतर नुसतं पाणी, झोपायला जमिनीवर एक सतरंजी. विहारात लोक मानानं बोलायला लागले. आईला मात्र ते पटलं नाही. "माझ्या सासऱ्यानं धम्म घेतला तवा उपास, नवस, देवऋषी सगळं एका दिवसात गाठोडं बांधून फेकलं," ती भाकरी थापता थापता म्हणाली, "आन आता हे मागच्या दारानं परत आलं व्हय?" तात्या म्हणाले, "आगं, शील हाय ते. उपास न्हाई." आईनं भाकरी उलटली आणि आठवड्यातून एकच दिवस आहे म्हणून सोडून दिलं. रोज सकाळी वंदनेला आम्ही तिघं एकत्र पंचशील म्हणायचो. चौथं शील आलं की, मी खोटं बोलण्यापासून दूर राहीन, तिथं तात्यांचा आवाज ऐकू यायचा नाही. ओठ हलायचे. मला वाटायचं भट्टीच्या धुरानं घसा बसला असेल.

एकदा ते चष्मा विसरून गेले म्हणून आईनं मला सायकलवरून कंपनीत पिटाळलं. गेटवरचा वॉचमन ओळखीचा, जाडजूड, हसरा. चष्मा घेतला आणि म्हणाला, "तुझ्या आईच्या हाताला लय चव हाय बघ. फक्त काल वांगं जरा तिखटजाळ झालं हुतं, सांग तिला." मी म्हटलं, तुम्हाला काय माहीत? तो आपल्या पोटावर हात फिरवत म्हणाला, "मला न्हाई तर कुनाला? महिना झाला की, तुझा बाप रोज डबा हितं देतो. म्हनतो, मी घरनं जेवूनच येतो." कंपनीला कँटिन नव्हतं. तिथं चहाची एक टपरी होती आणि ती सहाला बंद व्हायची. मी सायकल हातात धरून चालत घरी आले, बसायचं सुचलंच नाही. बाराच्या आतलं एक जेवण, मग अकरापर्यंत भट्टी, आणि पुन्हा सकाळपर्यंत काही नाही. एक महिना. आणि हातात ती लॅडल.

दुसऱ्या दिवशी सकाळी आई पाण्याला गेलेली बघून मी त्यांना गाठलं. ते मागच्या पायरीवर बसून पट्ट्याला खिळ्यानं नवीन भोक पाडत होते. मी सगळं एका दमात बोलले. ते रागावले असते तर बरं झालं असतं. ते नुसते म्हणाले, "आईला सांगू नगंस. तिचा डबा वाया जात न्हाई, त्यो जेवतोय." मी म्हटलं, "तात्या, तथागतांनीच सोडून दिलं ना उपाशी राहणं? मीच वाचलं की विहारात." त्यावर त्यांनी माझ्याकडं बघितलं आणि शांतपणे विचारलं, "सोडलं कवा, रंजे? सहा वर्सं केल्यावर सोडलं. त्यांनी करून सोडलं. आमी न करताच सोडायचं व्हय? नुसती खीर खाऊन कुनी शुद्ध हुतं का?" इतकं छान वाचणाऱ्या मला त्या प्रश्नाचं उत्तर त्या ग्रंथात कुठं आहे तेच ठाऊक नव्हतं. आणि शुद्ध कशापासून व्हायचंय, हे विचारायला हवं होतं, ते सुचलं नाही. मी मान हलवली आणि आईपासून लपवायचं कबूल केलं. ही माझी चूक. आजही ती मी कुणावर ढकलत नाही.

तिथून पुढचे दिवस मी कसे काढले ते माझं मला माहीत. तीनचा भोंगा झाला की मी अकरापर्यंतचे तास मोजायला लागायची. कॉलेजात बसले की वाटायचं आत्ता लॅडल भरत असतील. संध्याकाळी विहारात वाचताना बाहेर मोटरसायकल थांबली की मी ओळ विसरायची, आणि आज्या म्हणायच्या, पोरीचं लक्ष न्हाई. अकराला ते जिवंत घरी आले की मला झोप लागायची. आई बिचारी डब्याचे चाटूनपुसून रिकामे पुडे बघून खूश व्हायची आणि दुसऱ्या दिवशी आणखी एक भाकरी घालायची. तात्यांच्या गालाची हाडं वर आली, तेव्हा ती म्हणाली, "खाल्लेलं अंगी लागंना, जंत झालं असतील," आणि वावडिंगाचा काढा सुरू केला. तेही ते मुकाट्यानं प्यायचे. मला हसायला यायचं आणि त्याच दमात रडायला.

भाद्रपदात सुनंदाकाकूंच्याकडं दशलक्षण पर्वाचे दहा दिवस आले. काकू दहाही दिवस उपास करायच्या, नुसतं उकळलेलं पाणी, तेही सूर्य असेपर्यंत. सातव्या दिवशी मी त्यांच्याकडे गेले तेव्हा त्या उन्हात भिंतीला टेकून बसल्या होत्या, बारीक आवाजात बोलत होत्या, पण तोंडावर कसा निवांतपणा. मला म्हणाल्या, "तुझे तात्या मघाशी गेले बघ कामावर. उपास चाललाय ना त्यांचा?" माझा चेहरा उतरला. "मला कोण सांगायला नको गं, चाळीस वर्षं करते मी. आमच्यात उपास धरायच्या आधी घरच्यांना विचारतात, गुरूंना विचारतात. झेपत नसेल तर सोडायला लाज नसते. आणि कामाला कोण जात नाही असलं पोट घेऊन, तेही आगीजवळ." मग त्या म्हणाल्या, "मी उपास करते तेव्हा हलकं वाटतं मला. तुझ्या तात्यांचं तोंड रोज जड होत चाललंय. ते काहीतरी फेडतायत. काय ते विचार." मी विचारलं नाही. खरं सांगते, उत्तराची भीती वाटली. मनात नको नको ते येऊन गेलं, दुसरी बाई इथपर्यंत.

त्यानंतर चौथ्या दिवशी, संध्याकाळी पाचच्या सुमारास, मोटरसायकल आमच्याच दारात थांबली. मध्ये तात्या, मागे त्यांना धरून एक कामगार, पुढे दुसरा. मी धावत जाऊन त्यांचे हातपाय बघितले. तात्यांना काही भाजलं नव्हतं. मागचा माणूस आईला म्हणाला, "वहिनी, भरलेली लॅडल घेऊन चालताना हेंचा हात लटपटला. मी दुसऱ्या टोकाला हुतो. बाजूच्यानं झेप घालून दांडा धरला म्हनून वाचलो, न्हाईतर आज माजं पाय गेलं असतं. हेनला काय आजार हाय का?" त्यांना चहा देऊन आईनं वाटेला लावलं. दार लावलं. मग तिनं डब्याची पिशवी उघडली. त्या दिवशी डबा वॉचमनकडे पोचायचा राहिला होता, पण एवढ्यावरून आईला काही कळलं नसतं. सांगितलं मीच. सगळं. आईनं माझ्या थोबाडीत दिली. आयुष्यात एकदाच. त्या चपराकीनं मला किती हलकं वाटलं ते काय सांगू.

"आता तुमी बोला," ती तात्यांना म्हणाली. "कशापायी?"

तात्या भिंतीला टेकून बसले होते. तिथूनच त्यांनी सांगितलं. रस ओतायच्या आधी लॅडल आगीवर शेकून पार कोरडी करावी लागते. ओल राहिली तर रस उसळतो. त्या दिवशी लॅडल शेकायचं काम तात्यांचं होतं. पाळी सुटायची घाई होती, साहेब ओरडत होता, त्यांनी अर्धवट शेकली आणि झाली म्हणून सांगितलं. विलासकाकांनी डोळे झाकून दांडा उचलला. आणि मग चौकशीत साहेबानं जो कागद पुढं केला, विलासनं गार्ड बांधलं नव्हतं असा, त्यावर साक्षीदार म्हणून तात्यांनी सही केली. "गार्ड बांदलं हुतं त्यानं," तात्या म्हणाले. "माझ्या समोर बांदलं हुतं."

आईनं डब्याचे पुडे एकेक करून बाहेर काढले. बोलली तेव्हा तिचा आवाज नेहमीसारखा चढा नव्हता. "म्हंजी चौथं शील मोडलं, आन ते झाकायला सहावं धरलंसा. जेवायचं न्हाई म्हनं." तात्या पुटपुटले, तथागतांनी सहा वर्षं... तिनं पुढं बोलूच दिलं नाही. "त्यांनी कुनाचा पाय जाळून उपास धरला न्हवता. त्यांचं त्यांच्यापाशी हुतं. तुमचं तिकडं कुंडलला बसलंय, लंगडत. तुमच्या उपाशी राहन्यानं त्याला एक घास तरी गेला का? आन आज दुसऱ्याचं पाय घेत हुतासा." मग तिनं ताट वाढलं आणि त्यांच्यापुढं ठेवलं. तात्यांनी ताटाला हात लावला नाही. म्हणाले, "उद्या जातो. आलो की जेवतो." आई म्हणाली, "रंजीला संगट न्या. वाटेत चक्कर आली तर धराया कोन तरी हवं." सकाळी त्यांनी तिच्यासमोर दोन भाकरी खाल्ल्या, तेव्हाच तिनं आम्हाला एसटीसाठी सोडलं.

पुढं काय झालं ते आधीच सांगून टाकते, नाहीतर वाचणाऱ्याचा जीव टांगणीला राहील, माझा राहिला होता तसा. तात्यांनी कंपनीत खरं काय ते लिहून दिलं. त्यांना काढलं. पुढची दोन वर्षं त्यांनी मिळेल ते काम केलं, आई दुसऱ्यांच्या घरी भाकऱ्या करायला गेली, माझं बारावीनंतरचं शिक्षण वर्षभर थांबलं. विलासकाकांचा मात्र कागद बदलला, त्यांना स्टोअरमध्ये बसून करायचं काम मिळालं. त्या दोन वर्षांत आम्हाला सोसावं लागलं ते कुणी तप म्हणून केलं नव्हतं आणि विहारात कुणी त्याचा मान केला नाही. पण सकाळच्या वंदनेत तात्यांचा आवाज पाचही शिलांना सारखा ऐकू यायचा. स्वतःहून सोसल्यानं माणूस वर चढतो का, असं मला विहारातल्या मुली आता विचारतात. मी त्यांना एवढंच सांगते की आधी बघा, हे सोसणं सोपं म्हणून तर निवडलं नाही ना. माझ्या वडिलांना कुंडलच्या एसटीत बसण्यापेक्षा भट्टीवर उपाशी उभं राहणं सोपं वाटलं होतं.

कुंडलला उतरल्यावर तात्या माझ्या पुढं चालत होते. दोनदा थांबले. दुसऱ्यांदा थांबले तेव्हा मला वाटलं आता मागे वळतात, आणि वळले असते तर मी त्यांना अडवलं नसतं, इतकी मी घाबरले होते. विलासकाका घराच्या अंगणात पोत्यावर बसून शेंगा फोडत होते. डावा पाय पुढं पसरलेला, त्यावर फडकं. त्यांची बायको दारात सूप घेऊन. आम्हाला बघून काकांचं तोंड उजळलं. "यशवंता, आलास व्हय रं. लय दिवसांनी," म्हणत ते उठायला लागले. तात्यांनी त्यांना खांद्याला धरून खाली बसवलं आणि स्वतः मातीतच बसले. चहा येण्याआधीच, पाणीही न घेता, त्यांनी सांगून टाकलं. लॅडल मी शेकली न्हवती. तू गार्ड बांदलं हुतंस. कागदावर सही माझी हाय. मग घाईघाईनं म्हणाले, दोन महिनं झालं, मी दुपारनंतर अन्नाला शिवलो न्हाई.

विलासकाकांनी हातातली शेंग सुपात टाकली. मला वाटलं आता उठून मारतील. मारलं असतं तर तात्यांनी मारून घेतलं असतं, हेही मला दिसत होतं.

"तू जेवला न्हाईस त्याचं मी काय करू?" ते सावकाश म्हणाले. "पयल्याच दिवशी आला असतास गड्या. मी हितं बसून रोज आठवायचो. मी गार्ड बांदलं हुतं, मला पक्कं म्हाईत हुतं. पन कागदावर तसं लिवलं, भाऊ बी म्हनाला, गावात बी तसंच बोलायला लागली. ही बी म्हनली, तुमी घाईत इसरला असाल. तवा मला बी वाटाय लागलं, नसंल बांदलं. पायाचं मला एवढं न्हाई. माझ्या डोक्याचा माझाच इस्वास गेला."

काका वळले. दारात त्यांची बायको सूप तसंच धरून उभी होती.

"ऐकलंस न्हवं?" ते तिला म्हणाले. "बांदलं हुतं मी." आणि पुन्हा म्हणाले, "बांदलं हुतं." मग त्यांना रडू आवरेना.